तुळशीपत्र कोणाच्या घरावर?

महाराष्ट्राचा अर्थसंकल्प मांडला गेला की परप्रांतांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांच्या बैठकींत दोन पक्ष हटकून पडतात. एक पक्ष म्हणतो, राज्य कर्जबाजारी झाले, खैराती वाटून तिजोरीचा तळ उघडा पाडला. दुसरा म्हणतो, निवडणुकीचे राज्य म्हटले की हे चालावयाचेच; शहाण्याने त्याचे मनाला लावून घेऊ नये. पहिला पक्ष रागावतो, दुसरा हसतो, आणि दोघेही चहा घेऊन उठतात. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की या दोन्ही पक्षांनी मूळ प्रश्नाला हातच घातलेला नाही. तुटीच्या वर्षांत कोणाच्या पानातले उचलून कोणाच्या पानात वाढले आणि ते उचलताना कोणाची अनुमती घेतली, हा तो प्रश्न होय.

उदाहरणादाखल २०२५-२६ चा अर्थसंकल्प घेऊ. १० मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी तो विधानसभेत मांडला. एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी. महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटी. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी, आणि वर्षाअखेरीस राज्याच्या डोक्यावर राहणारे कर्ज सुमारे ९ लक्ष ३२ हजार कोटी. आकडे दचकविणारे आहेत खरे. परंतु राज्याच्या एकूण उत्पन्नाशी ताडून पाहिले तर राजकोषीय तूट शेकडा तीनच्या आतच राहते, आणि ठरलेली मर्यादाही तीच आहे. महाराष्ट्र दिवाळखोर झालेला नाही. तो तसा झाला आहे असे जे सांगतात ते एक तर आकडे वाचीत नाहीत, किंवा वाचून दडवितात.

शिवाय तूट म्हणजे पाप आणि शिल्लक म्हणजे पुण्य, हे समीकरण मराठी माणसाने तरी मानू नये. १९०२ साली मध्यवर्ती विधिमंडळात गोपाळ कृष्ण गोखले पहिल्यांदा अर्थसंकल्पावर बोलावयास उभे राहिले, तेव्हा सरकारपाशी तूट नव्हती, भरघोस शिल्लक होती. सरकार त्या शिलकीची प्रौढी मिरवीत होते, आणि गोखल्यांनी नेमके तिच्यावरच बोट ठेवले. दुष्काळ आणि प्लेग यांनी पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर उकळला गेला याचा तो पुरावा आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. पुढील वर्षी मिठावरील कर उतरला. आकड्यांच्या बेरजेत नीती नसते, ते आकडे कोणाच्या घरातून आले आणि कोणाच्या घरी गेले यात असते, हा धडा आपल्याला तेव्हाच मिळाला आहे. कर्ज काढून धरण बांधणारे राज्य आणि कर्ज काढून व्याज फेडणारे राज्य यांची तूट कागदावर सारखीच दिसेल. त्यांचे भवितव्य सारखे असणार नाही.

तेव्हा तुटीबद्दल आमची तक्रार नाही. तूट भरून काढण्याच्या रीतीबद्दल आहे.

आपल्या संविधानात एक विलक्षण असमतोल आहे. सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेल्या वाचकांच्या तो अंगवळणी पडला असल्याने कदाचित जाणवतही नसेल. अनुच्छेद २०२ प्रमाणे वार्षिक विवरणपत्र विधिमंडळापुढे येते, २०३ प्रमाणे मागण्यांवर मतदान होते, २०४ प्रमाणे विनियोजन विधेयक संमत होते. मंजूर रकमेपेक्षा एक रुपया अधिक खर्चावयाचा तर अनुच्छेद २०५ खाली पुन्हा सभागृहाचे दार ठोठवावे लागते. परंतु सभागृहाने मंजूर केलेली रक्कम सरकारने खर्चच केली नाही तर? शाळेसाठी शंभर कोटी मंजूर झाले आणि साठच सोडले, तर उरलेल्या चाळीसांसाठी मंत्र्याला कोणापुढेही उभे राहावे लागत नाही. मंजुरी ही कमाल मर्यादा आहे, वचन नव्हे, असे कायदा म्हणतो. वर्ष उलटल्यावर महालेखापरीक्षकांच्या विनियोजन लेख्यांत ही न खर्चलेली रक्कम एका सोज्ज्वळ नावाने प्रकट होते. ते नाव आहे ‘बचत’! आश्रमशाळेतील मुलाची चादर आली नाही, ही बचत. आरोग्यकेंद्रातील परिचारिकेची जागा भरली नाही, हीही बचत. गृहिणीने काटकसरीने चार पैसे गाठीला मारावेत त्याला जो शब्द आहे तोच शब्द येथे वापरला जातो, आणि कोणाला त्याची लाज वाटत नाही.

म्हणजे वाढविणे उघड्यावर, कापणे पडद्याआड. अर्थमंत्री मार्चमध्ये जे वाचून दाखवितात तो अर्थसंकल्पाचा केवळ पूर्वार्ध. उत्तरार्ध वर्षभर वित्त विभागाच्या परिपत्रकांतून लिहिला जातो: अमुक टक्केच निधी वितरित करावा, नवीन कामे हाती घेऊ नयेत, पदभरतीस पूर्वमान्यता घ्यावी, देयके निधीच्या उपलब्धतेनुसार अदा करावीत. या उत्तरार्धावर चर्चा होत नाही, बाके वाजत नाहीत, वृत्तपत्रांत त्याचे मथळे येत नाहीत. आणि राज्याचा खरा अग्रक्रम कोणता हे कळते ते मात्र याच उत्तरार्धावरून.

पूर्वार्धाचे तरी काय राहिले आहे पाहा. २८ जून २०२४ रोजी महाराष्ट्राचा त्या वर्षीचा अतिरिक्त अर्थसंकल्प सादर झाला, आणि त्याच अधिवेशनात ९ जुलै रोजी, म्हणजे अवघ्या अकरा दिवसांनी, ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. पुरवणी हा शब्द जेवणात लोणच्याला शोभतो. येथे लोणचेच पानभर वाढले गेले. अकरा दिवसांत असे कोणते अनपेक्षित संकट कोसळले होते? कोणतेही नाही. खर्च अपेक्षितच होता, तो अर्थसंकल्पाच्या आरशात दिसू नये एवढीच इच्छा होती. पुढील वर्षीही जूनअखेर सुरू झालेल्या अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. अर्थसंकल्प मंजूर होऊन तेव्हा तीनच महिने लोटले होते.

आता ज्या योजनेच्या नावाने सर्वत्र ओरड होते तिच्याकडे वळू. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ च्या त्याच अर्थसंकल्पात जाहीर झाली. एकवीस ते पासष्ट वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा पंधराशे रुपये. २०२५-२६ साठी तिच्याकरिता ३६,००० कोटींची तरतूद झाली. भोपाळ-इंदूरच्या वाचकांना अशीच योजना २०२३ पासून परिचयाची आहे, बंगळूरच्या वाचकांनाही आहे. या योजनेला ‘रेवडी’ म्हणून हिणविण्याची चाल सुशिक्षितांत रूढ झाली आहे. मला ती मान्य नाही. सात लक्ष कोटींच्या खर्चात छत्तीस हजार कोटी म्हणजे विसावा हिस्सा. त्याच वर्षी केवळ व्याजापोटी राज्य पासष्ट हजार कोटींच्या घरात रक्कम देणार होते. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज या तीन बाबी मिळून महसुली जमेतील निम्म्याहून अधिक वाटा खातात. ज्यांचे वेतन वेळेवर होते, ज्यांचा महागाई भत्ता आज ना उद्या थकबाकीसह मिळतो, ज्यांच्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये संप झाला आणि सरकारला पुढे तोडगा काढावा लागला, त्या आमच्या वर्गाने शेतमजूर बाईच्या पंधराशे रुपयांकडे बोट दाखवून ‘हिनेच राज्य बुडविले’ म्हणावे, हे शोभणारे नाही. त्या पंधराशे रुपयांत कोणाचे औषध येते, कोणाच्या मुलीची वही येते. आणि घरात हात न पसरता खर्चावयास मिळणारा तो पहिलाच पैसा असतो.

परंतु देणे योग्य असले म्हणून देण्याची रीतही योग्य ठरत नाही. आमच्याकडे ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ अशी म्हण आहे. दान करणाऱ्याने तुळशीपत्र ठेवावे, आणि मिठाई जावी ती हलवायाची! दानाचे पुण्य एकाला, भुर्दंड दुसऱ्याला. महाराष्ट्रात हलवाई कोण ठरले ते २०२५ च्या मे महिन्यात उघडकीस आले. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या विभागांच्या तरतुदींतून शेकडो कोटी रुपये या योजनेकडे वळविले गेले, आणि खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी त्याविरुद्ध जाहीर तक्रार केली. मंत्रिमंडळातील मंत्र्याला आपल्या खात्यातून पैसा गेल्याची तक्रार वृत्तपत्रांतून करावी लागते, तेथे वसतिगृहातील विद्यार्थ्याने कोणाकडे जावे? सरकारपक्षाचे उत्तर असे होते की अनुसूचित जाती-जमातींच्या बहिणींनाच तो पैसा मिळणार आहे, सबब नियमभंग नाही. उत्तर कागदोपत्री चोख आहे. पण त्याचा अर्थ असा होतो की इतर बहिणींचा हप्ता राज्याच्या तिजोरीतून, आणि या बहिणींचा हप्ता त्यांच्याच मुलांच्या शिष्यवृत्तीच्या पेटीतून. उजव्या हाताने ओवाळणी घालावी आणि डाव्या हाताने भाच्याचे दप्तर उचलावे, ही कोणत्या घरची भाऊबीज?

आणि ओवाळणीचीही कथा ऐका. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपूर्वी अर्ज आले तसे स्वीकारले, छाननी नाममात्र. निवडणुकीत हप्ता एकवीसशे करण्याचे आश्वासन दिले गेले. मार्चच्या अर्थसंकल्पात ते उतरले नाही. जुलै २०२५ मध्ये सरकारनेच सांगितले की सुमारे २६ लक्ष ३४ हजार लाभार्थींचा लाभ जूनपासून स्थगित केला आहे. काही ठिकाणी तर पुरुषांनीही पैसे उचलल्याचे आढळले. अपात्राला वगळणे रास्तच आहे. मात्र मतापूर्वी डोळे मिटावयाचे आणि मतानंतर चष्मा लावावयाचा, याला प्रशासन म्हणत नाहीत.

जो बोलू शकत नाही त्याच्यावर कात्री आधी चालते, हा तुटीचा जणू निसर्गनियमच झाला आहे. व्याज थकविता येत नाही, कारण बाजार बोलतो. वेतन थकविता येत नाही, कारण संघटना बोलते. मोठ्या रस्त्याचे काम थांबविता येत नाही, कारण तेथे बोलणारे फार मोठे असतात. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने पवनारपासून पत्रादेवीपर्यंतच्या शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीस मान्यता दिली. ज्यांच्या शेतांतून तो जावयाचा त्यांतील कोल्हापूरकडील शेतकरी ‘आम्हांस रस्ता नको’ म्हणून आंदोलन करीत होते. त्याच वर्षी झालेल्या कामांची देयके मिळावीत म्हणून लहान कंत्राटदार रस्त्यावर उतरले होते. शासनाच्या सव्वासात लक्षांच्या आसपास मंजूर पदांपैकी दोन लक्षांहून अधिक पदे रिकामी होती. रिकाम्या खुर्चीला वेतन लागत नाही, ती मोर्चाही काढीत नाही; तुटीच्या काळातील सर्वांत आज्ञाधारक कर्मचारी तोच!

१९१९ च्या सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली होती. शिक्षण, आरोग्य ही खाती ‘सोपीव’ म्हणून लोकनियुक्त मंत्र्यांकडे; पोलीस, महसूल आणि मुख्य म्हणजे वित्त ‘राखीव’ म्हणून गव्हर्नरच्या सल्लागारांकडे. मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री रँग्लर परांजपे यांच्या कारकिर्दीत १९२३ साली प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. सक्तीचे शिक्षण त्याच्या उद्दिष्टांत होते. पण किल्ल्या दुसऱ्याच्या कमरेला होत्या, आणि पैशाअभावी सक्ती फार थोड्या ठिकाणी पोहोचली. ती द्विदल पद्धती १९३७ साली गेली असे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. मला वाटते ती वेष पालटून परत आली आहे. आज ‘अनिवार्य’ खर्च राखीव आहे आणि ‘कार्यक्रम’ सोपीव. विधिमंडळ मत देते ते दोहोंना. कात्री लागते ती एकालाच.

यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला असतो: दुसरे करणार काय? देणाऱ्याचे नाव घेतले की मत जाते. लोकशाहीत कोणी कर लावून लोकप्रिय होत नाही.

या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी परदेशी जावयास नको, मुंबईचाच इतिहास पुरे आहे. १९३९ साली खेर मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. अबकारीचे मोठे उत्पन्न बुडणार हे उघड होते. अर्थमंत्री अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यासाठी शाळांच्या अनुदानावर गुपचूप कात्री फिरविली नाही. त्यांनी शहरांतील स्थावर मिळकतींवर शेकडा दहा कर बसविला. घरमालक खवळले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने कर वैध ठरविला. दारूबंदी शहाणपणाची होती की नव्हती हा वाद निराळा. तिची किंमत कोण देणार हे मात्र प्रांताच्या सरकारने तोंडावर सांगितले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळानंतर महाराष्ट्राने, वि. स. पागे यांच्या प्रेरणेने, मागेल त्याला काम देण्याची हमी स्वीकारली. हमी म्हणजे पैसा; तो कोठून आणावयाचा? १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरांतील पगारदारांनी आणि व्यावसायिकांनी दरमहा काही रुपये द्यावेत, राज्याने तेवढीच भर घालावी, आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळावे. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तोच कित्ता झाला. ज्या वाचकांनी महाराष्ट्रात नोकरी केली आहे त्यांच्या वेतनपत्रकात ही कपात आजन्म होत आली. ती कशासाठी होती हे किती जणांना ठाऊक आहे? पुढे त्या निधीतल्याही रकमा अखर्चित राहू लागल्या, हे खरे, आणि आमच्या मूळ तक्रारीला ते पुष्टीच देते. पण योजनेच्या जन्मवेळी घेणारा कोण आणि देणारा कोण हे दोन्ही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले होते. त्यामुळे कोणाचे सरकार बुडाले नाही.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाल्यावर राज्यांच्या हाती कर लावण्याची साधने थोडी उरली, हे मान्य. व्यवसाय कराची वर्षाला अडीच हजारांची मर्यादा तर १९८८ च्या घटनादुरुस्तीपासून हललेली नाही. तेव्हाचे अडीच हजार आणि आजचे अडीच हजार यांतले अंतर सांगावयास नको. तरीही मुद्रांक, वाहने, मद्य ही क्षेत्रे राज्यांकडेच आहेत. आणि गरज पडली तेव्हा महाराष्ट्राने कर वाढविलाच की! १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क वाढविले, आणि त्यातून चौदा हजार कोटी अधिक मिळतील असे सांगितले. प्रश्न इतकाच की मार्चमध्ये, सभागृहापुढे, ज्या योजनेसाठी पैसा हवा तिचे नाव घेऊन हे का सांगितले नाही? उघड सांगितल्याने आकाश कोसळत नाही. सिमल्याच्या वाचकांना सप्टेंबर २०२४ आठवत असेल. हिमाचल सरकारने त्या महिन्यात वेतन पाच तारखेला आणि निवृत्तिवेतन दहा तारखेला दिले, आणि व्याज वाचविण्यासाठी असे केल्याचे मुख्यमंत्र्यांनी सांगितले. टीका झाली, पण निदान जनतेला टीका करावयास विषय तरी मिळाला.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली: कोणतीही नवी कायम स्वरूपाची योजना मांडताना तिच्यासाठी कोणता कर वाढणार, कोणता खर्च घटणार, की कर्ज निघणार, हे त्याच विवरणपत्रात नोंदवावे. दुसरी: जशा पुरवणी मागण्या येतात, तसे प्रत्येक अधिवेशनात कपातीचे विवरण यावे, मंजूर तरतुदीपैकी किती रक्कम रोखली, कोणत्या आदेशाने आणि कोणत्या कारणाने, हे सदस्यांना वर्ष सरण्यापूर्वी कळावे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाने मंजूर पैसा अडविल्यास प्रतिनिधिमंडळास कळविण्याचे बंधन १९७४ च्या कायद्याने घातले आहे. म्हणजे कल्पना अशक्य कोटीतील नव्हे. तिसरी: अनुसूचित जाती-जमातींच्या उपयोजनांचा पैसा सभागृहाच्या स्वतंत्र मतावाचून वळविता येऊ नये. हैदराबाद आणि बंगळूर येथील वाचक जाणतात की आंध्र आणि कर्नाटक यांनी अशा निधीच्या संरक्षणाचे कायदे २०१३ मध्येच केले. त्या कायद्यांतही पळवाटा निघाल्या. तरी पळवाट शोधावी लागणे आणि राजमार्गच मोकळा असणे यांत फरक आहे. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी वर्षानुवर्षे चालली आहे.

हे सर्व परप्रांतस्थ अधिकाऱ्यांपुढे मांडण्याचे कारण? महाराष्ट्रातील मतदार तुमच्यापैकी फार थोडे असतील. परंतु ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ हे दोन शब्द कोणत्या ना कोणत्या राज्याच्या, महामंडळाच्या वा मंत्रालयाच्या टिपणीवर तुमच्यापैकी अनेकांच्या हातून उमटतात. ते लिहिताना त्याच टिपणीत आणखी एक वाक्य लिहिता येते: या कपातीने अमुक इतक्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, अमुक इतक्या खाटा, अमुक इतकी देयके थांबतील. कोणताही नियम या वाक्याच्या आड येत नाही. मंत्र्याने त्यावर सही केली तर निर्णय त्याचा होईल. पण तो निर्णय होता, आपोआप झालेली ‘बचत’ नव्हती, एवढे दप्तरात राहील. पुढे कोणी आमदार प्रश्न विचारील, कोणी लेखापरीक्षक ते पान उघडील, तेव्हा ते वाक्य तेथे सापडले पाहिजे.